गॅमा कॅमेऱ्याची नित्य परीक्षा

थायरॉइड ग्रंथीच्या चित्रात एखादा भाग काळा दिसला, तर तेथील गाठ किरणोत्सर्गी द्रव्य शोषून घेत नाही, असा अर्थ घेतला जातो. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. तथापि काहींत कर्करोग असण्याचा संभव असल्याने रुग्णाची पुढील तपासणी करावी लागते. परंतु तो काळा भाग ग्रंथीत नसून कॅमेऱ्यातच असेल तर?

गॅमा कॅमेरा हे उपकरण अमेरिकेतील बर्कले येथे हॅल अँगर यांनी घडविले. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या संस्थांमुळे आण्विक वैद्यक आपल्याकडे रुजले. कॅमेऱ्यातील सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर गॅमा किरण पडला की प्रकाशाचा सूक्ष्म स्फुरण उमटतो. मागे ओळीने बसविलेल्या प्रकाशसंवर्धक नलिका त्याचे विद्युत्स्पंदात रूपांतर करतात. स्पंदांच्या तुलनेवरून किरणाचे स्थान कळते, बेरजेवरून त्याची ऊर्जा.

टेक्नेशियम-९९एमच्या किरणांची ऊर्जा १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. सामान्यतः १२६ ते १५४ या मर्यादेतील किरणच मोजले जातात, कारण शरीरात विखुरलेल्या किरणांची ऊर्जा घटलेली असते. नेमकी अडचण येथेच उद्भवते. विद्युत्दाब किंचित ढळला अथवा एखादी नलिका क्षीण झाली, की खरे किरणही मर्यादेबाहेर पडतात आणि त्या जागी चित्रात डाग उमटतो. कॅमेरा रुग्णाभोवती फिरवून छेदचित्रे घेतल्यास त्याच दोषाची वर्तुळे दिसू लागतात.

म्हणून दररोज पहिल्या रुग्णापूर्वी ऊर्जामर्यादा तपासून कोबाल्ट-५७ची सपाट चकती कॅमेऱ्यासमोर ठेवतात. तिच्यातून सर्वत्र सारखेच किरण निघत असल्याने चित्रही सर्वत्र सारखे यावयास हवे. राहिलेला अल्प फरक संगणक दुरुस्ती-नकाशाच्या साहाय्याने भरून काढतो. मात्र ही सोय उपकरण निरोगी असेपर्यंतच योग्य होय. नादुरुस्त नलिकेवर नकाशाचे पांघरूण घालणे म्हणजे रोग झाकणेच.

चकतीही कायम टिकत नाही. कोबाल्ट-५७चे अर्धायुष्य सुमारे २७२ दिवसांचे असल्याने वर्षभरात तिची क्रियाशीलता सुमारे दोनपंचमांशावर येते, आणि तेवढीच मोजणी पूर्ण होण्यास अडीचपट वेळ लागू लागतो. तेव्हा मोजणी अपुरी सोडण्याचा मोह न धरता, चकती वेळीच बदलावी लागते.