जाहिरातीचे नकोसे संदेश : सभासदांचे हक्क व उपाय



गेल्या हंगामात एक सभासद तावातावाने गट कार्यालयात आले. "साहेब, टोळी दुसऱ्याच्या फडात गेली. मला तोडीचा मेसेज आलाच नाही!" त्यांचा मोबाईल पाहिला, तर मेसेज दोन दिवस आधीच आलेला. पण कर्ज, प्लॉट, लॉटरी आणि एकरी शंभर टनाच्या टॉनिकच्या जाहिरातींखाली तो दिसलाच नाही. फडाची वाट मोकळी केलेली नव्हती, म्हणून टोळी पुढे गेली. जाहिराती बंद का केल्या नाहीत, असे विचारले तर म्हणाले, "त्या बंद केल्या की कारखान्याचे अन् बँकेचे मेसेजही बंद होतील की!"

हा गैरसमज पुष्कळांच्या मनात आहे. तो दूर व्हावा म्हणून ही माहिती देत आहे.

कायदा काय सांगतो? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, अशा जाहिरातींवर २००७ साली प्रथम नियम केले. सध्याचे नियम २०१८ चे असून फेब्रुवारी २०२५ मध्ये ते अधिक कडक केले आहेत. आपण 'नको' म्हणून नोंद केली, तर आपल्या संमतीशिवाय जाहिरातीचा फोन वा एस.एम.एस. पाठविता येत नाही. मात्र बँकेचा ओ.टी.पी., खात्यावरील जमा-नावे, कारखान्याची तोडीची सूचना, उसाचे वजन, हे सेवेचे संदेश आहेत. नोंद केल्याने ते थांबत नाहीत.

नोंद कशी करावी? आपल्याच मोबाईलवरून १९०९ ला फोन करावा, किंवा इंग्रजीत 'स्टार्ट', जागा सोडून शून्य, असे टाइप करून १९०९ ला पाठवावे. खर्च काही नाही. कर्ज-विमा, जमीन-घरे, शिक्षण असे ठराविक प्रकारही वेगवेगळे बंद करता येतात.

संदेश कसा ओळखावा? पाठविणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असते. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार आणि 'जी' म्हणजे सरकारी. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आहेत; बँका व विमा कंपन्यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे दिले आहेत. साध्या दहा आकडी नंबरवरून कोणी माल विकू लागला, तर तो नियम मोडतो आहे असे समजावे.

तक्रार कशी करावी? फोन वा संदेश आल्यापासून सात दिवसांच्या आत १९०९ ला कळवावे. पाठविणाऱ्याचा नंबर, तारीख आणि मजकूर द्यावा. म्हणून मेसेज लगेच पुसू नये. ट्रायच्या डी.एन.डी. ॲपवरूनही तक्रार होते. साध्या नंबरविरुद्धच्या तक्रारीला आता आधी नोंद केलेली असण्याची अट नाही. अशा नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच जणांच्या तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते. दोष ठरल्यास पहिल्या वेळी त्याचे बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद, पुन्हा केल्यास वर्षभरासाठी जोडणीच तोडली जाते. तेव्हा एकाने तक्रार करून चालत नाही. एकाच्याच रानातले तण काढले आणि शेजारच्याचे तसेच राहिले, तर बी वाऱ्याने येतेच. त्या टॉनिकवाल्याचा फोन गावात पाच जणांना आला असेल, तर पाचही जणांनी कळवावे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. प्रदर्शनात किंवा दुकानात लकी ड्रॉच्या कुपनावर नंबर लिहिताना खालचा बारीक मजकूर वाचावा. तिथली सही ही जाहिरातीला संमती ठरू शकते. दिलेली संमती परत घेता येते. दुसरे, व्हॉट्सॲपवरचे संदेश या नियमांत येत नाहीत. तिथे 'ब्लॉक' आणि 'रिपोर्ट' करावे. फसवणुकीत पैसे गेलेच, तर लाजू नये, थांबू नये. ताबडतोब १९३० ला फोन लावावा.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी मोबाईल घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे. शेतकी खात्याचा कर्मचारी समोर बसून नोंद करून देईल. त्याला ओ.टी.पी. सांगण्याची गरज नाही, आणि कोणी मागितला तरी देऊ नये. हंगामाआधी हे एवढे उरकून घ्यावे, ही नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी