फांदी तोडणाऱ्याची परीक्षा : मानक, दाखला आणि हात

आंब्याचे कलम लावल्यापासून ते भरघोस फळावर येईपर्यंत शेतकऱ्याची कित्येक वर्षे खर्ची पडतात. परंतु तेच झाड चुकीच्या घावाने कायमचे अधू होण्यास एक दुपार पुरते. असे असूनही, बियाणे व खते घेताना दहा ठिकाणी चौकशी करणारा शेतकरी आपल्या झाडावर कुऱ्हाड चालविणाऱ्याची चौकशी क्वचितच करतो. जो स्वस्तात मिळेल व उंच चढेल तो गडी चांगला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अलीकडे याच्या उलट दुसरी समजूत पसरू लागली आहे. ज्याच्याजवळ प्रशिक्षणाचा दाखला आहे त्याच्या हाती झाड निर्धास्तपणे सोपवावे, असे काही जण मानतात. या दोन्ही समजुती अपुऱ्या कशा आहेत व गड्याची पारख कशी करावी, हे प्रस्तुत पाठात सांगावयाचे आहे.

मानक व पात्रता यांतील भेद

काम पुरे झाल्यावर ते कसे असावे हे मानक सांगते. ते काम करण्याचे सामर्थ्य अमुक माणसाच्या अंगी आहे, हे पात्रता सांगते. दुधात स्निग्धांश किती असावा हे दुधाच्या मानकावरून कळते. परंतु धार कशी काढावी हे त्यावरून कळत नाही. तद्वत फांदी कोठे कापावी हे मानकात लिहिलेले असते; पण वीस हात उंचीवर, एका हाताने तोल सांभाळून, नेमक्या त्याच जागी करवत चालविणे ही निराळी विद्या आहे.

ज्या देशांत हा व्यवसाय नियमबद्ध झाला आहे, तेथे हा भेद स्पष्टपणे मानला जातो. ब्रिटनमध्ये झाडकामाचे मानक प्रथम १९६६ साली प्रसिद्ध झाले व पुढे १९८९ आणि २०१० साली सुधारण्यात आले. मात्र यांत्रिक करवत चालविणाऱ्याची परीक्षा तेथे वेगळी असते. जमिनीवरील कामाची निराळी आणि झाडावर चढून करावयाच्या कामाची निराळी. अमेरिकेत छाटणीचे राष्ट्रीय मानक १९९५ साली निघाले. तेथे वृक्षतज्ज्ञाचा दाखला अनुभवाची अट पुरी करून लेखी परीक्षेने मिळविता येतो. परंतु झाडावर चढून काम करणाऱ्यासाठी प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा स्वतंत्र ठेवलेली आहे. म्हणून दाखला पाहताना, तो कोणत्या परीक्षेचा आहे हे आधी विचारले पाहिजे.

लिखित नियमही चुकू शकतो

पूर्वीच्या पुस्तकांत, फांदी खोडाशी अगदी सपाट कापावी व जखमेस रंग किंवा डांबर फासावे, असा उपदेश असे. त्याप्रमाणे कापणारा गडी उत्तम समजला जाई. पुढे अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आतील कूज कशी पसरते याचा अभ्यास केला व १९७७ साली आपले निष्कर्ष सविस्तर मांडले. आपली जखम भरते तशी झाडाची जखम भरत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून जणू भिंत उभारते आणि जखमेवर बाहेरून नवे लाकूड चढविते. फांदीच्या बुडाशी जे फुगीर कडे दिसते, ते या संरक्षणाचे मुख्य ठाणे होय. सपाट काप घेतला की कडेच कापले जाते, आणि कूज खोडात शिरण्यास वाट मिळते. याउलट लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो व त्यावर नवे लाकूड चढू शकत नाही.

यावरून बोध घ्यावयाचा तो असा की, जुनी चाल व छापील नियम या दोहोंचीही अखेरची कसोटी झाडावरच होते.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण

काही वर्षांपूर्वी एका बागाईतदाराने फांद्या काढण्यासाठी गडी सुचविण्यास आम्हांस सांगितले. आम्ही दाखला पाहून एका तरुणाची शिफारस केली. त्याचे पूर्वीचे काम मात्र पाहिले नाही. तरुण कामसू होता. कमरेस दोर व डोक्यास शिरस्त्राण असल्यावाचून तो झाडावर पाय ठेवीत नसे. त्याच आमराईच्या दुसऱ्या भागात एक वृद्ध गडी काम करीत होता. त्याला अक्षरओळख नव्हती, आणि त्याच्यापाशी दोरही नव्हता.

दोन वर्षांनी आम्ही ती झाडे पुन्हा पाहिली. वृद्धाच्या कापांभोवती नवी साल बांगडीसारखी सारखी वळली होती. तरुणाचे काप सपाट होते. त्यांवर साल केवळ दोन्ही बाजूंनी चढली होती. वर व खाली लाकूड उघडेच होते, आणि एका झाडात भिरूड शिरले होते. फांदीचे कडे का राखले, असे वृद्धास विचारता तो म्हणाला, “फांदी तोडायची साहेब, मान नाही तोडायची. मान खोडाची असते.” ग्रंथांतील सिद्धांत त्याला ठाऊक नव्हता, पण त्यातील मर्म त्याच्या हाताला ठाऊक होते. तथापि तोच वृद्ध दोरावाचून चढत होता व एका निसटत्या पायावर त्याचा संसार अवलंबून होता. चूक आमचीही होती. आम्ही कागद वाचला, झाड वाचले नाही. पुढील हंगामात त्या दोघांस एकत्र कामास लावण्यात आले. वृद्ध जागा दाखवी, तरुण त्यास दोर बांधण्यास शिकवी.

योग्य काप

१. फांदीच्या खालच्या बाजूने, खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत करवतीने काप घ्यावा.

२. त्याहून थोडे बाहेर, वरच्या बाजूने दुसरा काप घेऊन फांदी पाडावी. पहिल्या कापामुळे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. फांदी जड असल्यास ती आधी दोराने बांधून नंतर सावकाश खाली सोडावी.

३. उरलेला खुंट फुगीर कड्याच्या लगेच बाहेर कापावा. कडे दुखवू नये व खुंटही ठेवू नये.

फळबागेत मोठ्या कापास बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद व १ किलो चुना प्लास्टिकच्या किंवा मातीच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, दोन्ही मिळून १० लिटर पाणी होईल अशा बेताने एकत्र करावेत. मात्र चुकीचा काप पेस्टने सुधारत नाही, हे ध्यानात असावे.

गड्याची पारख

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी शिफारस करण्यापूर्वी पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

१. त्याने एक-दोन वर्षांपूर्वी घेतलेले काप. साल चहूबाजूंनी सारखी वळली असल्यास हात चांगला समजावा.

२. करवत लावण्याआधी त्यास कापाच्या जागी गेरूने खूण करावयास सांगावे व कारण विचारावे.

३. त्याचा दोर, पट्टा व अवजारे तपासावीत. जवळून विजेची तार जात असल्यास वीज कंपनीस कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणासही चढू देऊ नये.

४. दाखला असल्यास परीक्षा लेखी होती की प्रत्यक्ष, जमिनीवर झाली की झाडावर, हे पाहावे.

ज्याचा हात चांगला पण दाखला नाही, त्यास दूर सारू नये. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली. अनुभवाने मिळविलेल्या कौशल्याची तपासणी करून त्यास मान्यता देण्याची तरतूद तीत करण्यात आली. आपल्या भागात कोणत्या कामासाठी अशी सोय आहे याची माहिती काढून ती अशा गड्यांपर्यंत पोहोचवावी. ज्याच्यापाशी दाखला आहे पण सराव नाही, त्यास एक हंगाम जाणत्याच्या हाताखाली द्यावे.

प्रात्यक्षिक

पुढील गावभेटीत दहा जुने काप शोधावेत. किती ठिकाणी साल पूर्ण वळली, किती ठिकाणी खुंट राहिले आणि किती ठिकाणी काप खोडाशी सपाट आहेत, याची नोंद करावी. ती नोंद शेतकऱ्यांच्या बैठकीत, त्याच झाडांखाली उभे राहून, फांद्या तोडणाऱ्या गड्यांसमक्ष वाचावी व त्यांचेही म्हणणे ऐकून घ्यावे.