हर्लिंगचा पहिला विजेता कर्णधार

लोकमान्यांच्या १९१६ सालच्या होमरूल लीगचे नाव आयर्लंडकडून आले, एवढे आपल्या वर्गात सर्वांना ठाऊक आहे. त्या देशाविषयी आणखी काही वाचावे म्हणून मी ग्रंथालयात बसलो आणि राजकारण बाजूला राहून एका खेळातच अडकलो. इतिहासाच्या सरांनी क्षमा करावी.

खेळाचे नाव हर्लिंग. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची, टोकाशी रुंद व चपटी अशी काठी आणि एक लहान चेंडू. दुरून पाहणाऱ्याला हॉकीच वाटेल. पण येथे चेंडू हवेतल्या हवेत फटकावतात, हाताने झेलतातही. खेळ फार प्राचीन. त्याला संघटना मिळाली ती मात्र १ नोव्हेंबर १८८४ रोजी. त्या दिवशी टिपररी काउंटीतील थर्ल्स या गावी, हेज हॉटेलात, मायकेल क्युसॅक या शिक्षकाच्या पुढाकाराने गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. राज्य इंग्रजांचे होते. निदान खेळ तरी आपले राहावेत, ही त्यामागची भावना.

१८८७ साली संस्थेने अखिल आयर्लंड स्पर्धा सुरू केली. काउंटीत जो क्लब विजयी होईल त्यानेच काउंटीतर्फे खेळायचे, असा नियम होता. टिपररीतर्फे थर्ल्सचा संघ उतरला. त्याचा कर्णधार होता डेनिस माहर. या संघाने आधी क्लेअरला व मग किल्केनीला हरवले. गॉलवेच्या मीलिक संघाशी अंतिम सामना लांबत लांबत १ एप्रिल १८८८ रोजी, बर नावाच्या गावी ठरला.

आणि येथेच घोटाळा झाला. प्रवासखर्च कोणी सोसायचा यावरून वाद पेटला. माहर आणि त्याच्याबरोबरचे काही गडी सामन्याला गेलेच नाहीत. त्यांच्या जागी दुसरे गडी घेतले गेले आणि कर्णधारपद जेम्स स्टेपल्टनकडे आले.

पहिल्या वाचनात मला माहरचा राग आला. अंतिम सामना समोर असताना कोणी भाड्यासाठी अडून बसते का? पण तो काळ पाहिला पाहिजे. आयर्लंडच्या खेड्यांत तेव्हा खंडावरून जमीनदार आणि कुळे यांच्यात मोठा झगडा चालू होता. १८७९ मध्ये लँड लीग निघाली ती त्यापायीच. अशा मुलखात गाडीभाडे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. हे मला समजायला पुस्तक लागू नये. मॅट्रिकला आमच्या शाळेत पहिला आलेला माझा मित्र एस.टी.च्या पासाचे पैसे उभे राहिले नाहीत म्हणून कॉलेजात आला नाही. मी दुसरा होतो. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला म्हणून गावात माझे कौतुक होते, तेव्हा मला तो आठवतो. म्हणून स्टेपल्टनला कोणी ‘नशिबाने कर्णधार झाला’ म्हटले तर मला ते लागते, आणि माहरला कोणी हेकट म्हटले तर तेही पटत नाही.

नशिबाने कर्णधारपद मिळेल, सामना मिळत नाही. एकेका बाजूला एकवीस गडी. तेव्हाच्या नियमाने एक गोल कितीही पॉइंटांपेक्षा भारी ठरे. टॉमी हीलीने तो गोल केला. टिपररीचा एक गोल व एक पॉइंट, गॉलवेचे शून्य! आयत्या वेळी जुळवलेल्या संघाने एकही गोल वा पॉइंट होऊ दिला नाही, यात नव्या कर्णधाराचा वाटा असणारच, असे माझे मत आहे. समोरचा कर्णधार पॅट मॅडनही कच्चा गडी नव्हता.

पुढे १८८८ ची स्पर्धा अपुरीच राहिली, कारण संस्थेने खेळाडूंचे पथक अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवले. त्या दौऱ्यात पैशाची मोठी खोट आली. पुन्हा प्रवासखर्चच!

आज विजेत्या कर्णधाराच्या हाती लियम मॅकार्थी चषक देतात. तो १९२१ च्या स्पर्धेपासून आला, आणि त्या स्पर्धेचा अंतिम सामनाही १९२३ मध्ये झाला. लिमरिकचा बॉब मॅककॉन्की हा तो चषक उचलणारा पहिला कर्णधार. स्टेपल्टनच्या वेळी उचलायला चषकच नव्हता. थर्ल्सच्या गड्यांना विजयाची पदके मिळाली तीही सुमारे पंचवीस वर्षांनी, खेळायचे वय उलटून गेल्यावर.