नित्य वापरासाठी हलका लॅपटॉप : निवड आणि पारख

हजेरी, दाखले, अनुदानाचे हिशेब, प्रशिक्षणाचे साहित्य अशी अनेक कामे आता संगणकावर होतात. त्यामुळे शिक्षक, ग्रामसेवक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांचा संगणक टेबलावरून उठून पिशवीत येणे क्रमप्राप्तच होते. बाजारात एक ते दीड किलो वजनाचे लॅपटॉप विपुल आहेत आणि जाहिरातींत वजनाचा आकडा ठळक छापलेला असतो. परंतु हलकेपणा कशाच्या तरी मोबदल्यात मिळत असतो. तो मोबदला कोणता आणि आपल्या कामाला तो परवडेल काय, याचा विचार खरेदीपूर्वीच होणे इष्ट आहे. कारण संस्थेच्या अनुदानातून एकदा घेतलेले यंत्र पुढील पाचसहा वर्षे वागवावे लागते.

हा मोबदला कसा ठरत गेला, हे जुनी यंत्रे पाहिल्यास चटकन ध्यानात येते. १९८१ साली विक्रीस आलेला ‘ऑसबोर्न १’ हा संगणक ‘सुवाह्य’ म्हणून ओळखला गेला खरा. पण त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा अवघा पाच इंचांचा होता आणि भिंतीतील विजेवाचून तो चालत नसे. २००७ साली असूस कंपनीचा ‘ई पीसी’ आला. वजन ९२० ग्रॅम, किंमत माफक; मात्र पडदा सात इंचांचा, कळफलक आखूड आणि साठवण केवळ ४ जीबी. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, ॲपलचा ‘मॅकबुक एअर’ १.३६ किलो वजनाचा निघाला. त्याचा पडदा व कळफलक पूर्ण आकाराचे ठेवले होते, पण सीडी चालविण्याची सोय काढून टाकली होती, यूएसबीची खाच एकच होती आणि बॅटरी वापरणाऱ्यास सहज बदलता येत नव्हती. पहिल्या यंत्राने डोळे व बोटे यांची सोय सोडली, तर दुसऱ्याने जोडणी व दुरुस्ती यांची. आजचे बहुतेक हलके लॅपटॉप दुसऱ्या वाटेने जातात. स्वस्तातले काही अजूनही पहिलीच धरतात.

प्रथम वजनाविषयी. जाहिरातीतील आकड्यात चार्जर बहुधा धरलेला नसतो. १.२ किलोचे यंत्र, पाव किलोचा चार्जर, प्रोजेक्टरसाठी लागणारा जोड आणि पाण्यापासून बचाव करणारे आवरण मिळून ओझे सहज पावणेदोन किलोंवर जाते. म्हणून तुलना करावयाची ती संपूर्ण पिशवीची. टाईप-सी खाचेतून चार्ज होणारे यंत्र या दृष्टीने सोयीचे. पुरेशा वॅटचा एकच चार्जर यंत्राला आणि फोनला पुरतो.

बॅटरी किती तास चालेल, हा आकडाही जाहिरातीवरून घेऊ नये. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत दिलेली असते. ५० वॅट-तासांची बॅटरी असून यंत्र सरासरी ७ वॅट वीज घेत असेल, तर सुमारे सात तास मिळतील. पडदा पूर्ण उजळ ठेवून दूरदृश्य बैठक चालविल्यास हीच गरज १२ वॅटवर जाऊ शकते आणि तास चारच उरतात. अतिशय हलक्या यंत्रात बॅटरीच लहान केलेली असू शकते. ज्या गावी दुपारी वीज जाते, तेथे दोनशे ग्रॅम अधिक वजन पत्करून मोठी बॅटरी घेणे शहाणपणाचे.

मराठीत काम करणाऱ्याने मात्र सर्वांत अधिक लक्ष कळफलकाकडे द्यावे. विकत घेताना या बाबीची चौकशी फारशी कोणी करीत नाही. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत उजव्या कडेच्या, इंग्रजीत केवळ विरामचिन्हांसाठी असलेल्या कळांवर आपली नित्याची अक्षरे येतात. अर्धविरामाच्या कळेवर ‘च’, तिच्या शेजारी ‘ट’, चौकटी कंसावर ‘ड’, तिरप्या रेषेवर ‘य’. लहान यंत्रात जागा वाचविण्यासाठी आक्रसतात त्या नेमक्या याच कळा. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. मराठी लिहिणाऱ्याचे बोट मात्र ‘ट’ आणि ‘य’ यांपाशी वारंवार अडखळते. ‘ळ’साठी शिफ्टची कळ लागते, ती उजवीकडे पुरेशी रुंद आहे काय, हेही पाहावे. दुकानातच शासकीय पत्राचा अर्धा परिच्छेद टंकलिखित करून पाहणे ही याची उत्तम कसोटी होय. विक्रेता थोडा वैतागेल, वैतागू द्यावा. रोमन अक्षरांतून मराठी उमटविणाऱ्यांना ही अडचण तुलनेने कमी जाणवते.

पडद्याबाबतही देवनागरीची गरज वेगळी आहे. वरच्या मात्रा, खालचे उकार आणि जोडाक्षरे यांमुळे ओळीला उंची अधिक लागते. १४ इंची पडद्यात १६:९ या प्रमाणाने उंची सुमारे १७.४ सेंटिमीटर मिळते, तर १६:१० ने सुमारे १८.८. हा जवळजवळ दीड सेंटिमीटर लांब तक्ता भरताना जाणवतो. उघड्या ओसरीवर काम करणाऱ्यांनी पडद्याची उजळता ३०० निट्सपेक्षा कमी घेऊ नये, आणि चकाकणाऱ्या काचेपेक्षा मंद पृष्ठाचा पडदा पसंत करावा.

आतील भागांत स्मृती, म्हणजे रॅम, हीच कळीची बाब. अनेक पातळ यंत्रांत ती मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली असते व नंतर वाढविता येत नाही. ४ जीबीचे यंत्र आज घेऊच नये. ८ ही किमान मर्यादा मानावी आणि अंदाजपत्रकात बसत असेल तर १६ घ्यावी. साठवण एसएसडी प्रकारची आहे की स्वस्त ईएमएमसी प्रकारची, हे लेखी विचारून घ्यावे. वापरलेली यंत्रे स्वस्त मिळतात. पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ साठी ग्राह्य नाहीत. अशा यंत्रावर सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली चालविता येते, मात्र कार्यालयाची संकेतस्थळे व अंकीय स्वाक्षरी तीवर चालते काय, हे आधी तपासावे.

पंखा नसलेली यंत्रे निःशब्द असतात आणि लाल धूळ आत ओढत नाहीत, हा गुण आपल्याकडे मोठाच. उष्णता वाढली की ती आपोआप मंदावतात, हा त्याचा दुसरा भाग. काही उत्पादकांनी वापरासाठी ३५ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा दिलेली असते. मे महिन्यातील पत्र्याच्या छपराखाली ती सहज ओलांडली जाते.

मे महिन्याच्या सुट्टीत यंत्र कपाटात ठेवावयाचे झाल्यास बॅटरी निम्मी भरलेली ठेवून यंत्र पूर्ण बंद करावे. पूर्ण भरून वा पूर्ण रिकामी ठेवल्यास लिथियम बॅटरी लवकर निकामी होते. पावसात भिजलेले यंत्र लगेच चालू करून पाहू नये. चार्जर काढावा, यंत्र बंद करून उपडे धरून निथळू द्यावे आणि जाणकाराकडून उघडून वाळवून घ्यावे.