तेल्हाऱ्यात वेल्डिंगचं दुकान टाकायचंय? मशीनपासून गेटच्या कोटेशनपर्यंत



तेल्हारा, अकोट, हिवरखेड भागातल्या तरुणांचा एक प्रश्न नेहमी असतो, "सर, वीस-पंचवीस हजारात वेल्डिंगचं दुकान चालू होतं का?" याचं सरळ उत्तर असं की तेवढ्यात मशीन येतं, दुकान येत नाही. मशीन कसं चालवायचं ते व्हिडिओत दाखवलंय. इथे व्हिडिओत न मावलेल्या गोष्टी आणि मुख्य म्हणजे आकडे लिहून देतो. कागद-पेन घेऊन बसा.

आधी काम कुठून येणार ते बघा. आपला तालुका शेतीचा आहे. वखराची पास झिजते, डवऱ्याचा दांडा तुटतो, ट्रॉलीचा हूक उखडतो, थ्रेशरची चाळणी फाटते. मे संपता संपता आणि जूनच्या सुरुवातीला शेतकऱ्याला हे काम आजच्या आज पाहिजे असतं, कारण पाऊस पडला की पेरणी थांबत नाही. सोयाबीन निघायच्या वेळी थ्रेशरवाले येतात. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी गेट, ग्रील, जिन्याचं रेलिंग. मधले भर पावसाचे दोन महिने मात्र हात रिकामे राहू शकतात. ते धरूनच वर्षाचा हिशोब करायचा.

अजून एक काम आहे, ज्याकडे नवीन लोक बघत नाहीत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल गावोगावी पोचली आहे. बीबीएफ पेरणी यंत्रंही वाढलीत. या यंत्रांची दुरुस्ती करणारा माणूस जवळपास असला तर शेतकरी अकोल्याला कशाला जाईल? गेट बनवणारे दहा सापडतील. यंत्र समजून दुरुस्त करणारा एखादाच असतो, आणि त्याच्याशी कोणी भावावरून घासाघीस करत नाही.

आता मशीन. सुरुवातीला सिंगल फेजवर चालणारं २०० अँपियरचं इन्व्हर्टर आर्क मशीन पुरतं. पण डब्यावरचा अँपियरचा आकडा बघून मशीन घेऊ नका, ड्यूटी सायकल विचारा. ६० टक्के ड्यूटी सायकल म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं आर्क चालू आणि ४ मिनिटं मशीनला आराम. आणि हा आकडा साधारण ४० अंश तापमान धरून दिलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या शेडखाली त्याहून जास्त. त्यामुळे दुपारी मशीन सारखं ट्रिप होत असेल तर लगेच ते खराब निघालं म्हणू नका. उन्हाळ्यात जड काम सकाळी सहा ते अकरा करा, दुपारी कटिंग, मार्किंग, रंग. मशीनच्या पंख्यात ग्राइंडरची लोखंडी धूळ जाऊ देऊ नका, इन्व्हर्टर मशीन बहुतेक त्यानंच मरतं.

दुसरा विषय विजेचा. १० नंबरचा म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा रॉड १२० अँपियरवर चालवला तर मशीन लाइनमधून २० अँपियरच्या आसपास ओढतं. घरातला १६ अँपियरचा सॉकेट ते सहन करत नाही, वितळतो. किमान ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, आरसीसीबी आणि स्वतंत्र अर्थिंग हे मशीन विकत घेण्याच्या आधी करून घ्या. आणि घरगुती किंवा शेतीपंपाच्या कनेक्शनवर धंदा चालवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. दोन-चार महिन्यांची कमाई एका बिलात जाते.

शिकायचं कुठे? आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलालाही त्यात प्रवेश मिळतो. व्हिडिओ बघून रॉड पेटवता येतो, वेल्डिंग येत नाही. हाताला चार गोष्टी समजाव्या लागतात: करंट, आर्कची लांबी, रॉडचा कोन आणि सरकवायचा वेग. आर्कची लांबी साधारण रॉडच्या जाडीएवढी ठेवा. २.५ मिलिमीटरच्या म्हणजे १२ नंबरच्या रॉडला ६० ते ९० अँपियर, ३.१५ च्या रॉडला ९० ते १३०. पातळ पाइपला भोक पडत असेल तर करंट कमी करून तुकड्या-तुकड्यानं टाका. रॉड चिकटत असेल तर करंट कमी आहे किंवा रॉड ओला आहे. पावसाळ्यात उघड्या पुड्यातले रॉड ओल धरतात, मग वेल्डमध्ये छिद्रं पडतात. पुडा हवाबंद डब्यात ठेवा. महिनाभर भंगाराच्या तुकड्यांवर सराव करा, वेल्ड मारा, हातोड्यानं तोडा, आतून भरलंय का ते बघा. वरून सुंदर दिसणारा वेल्ड आतून पोकळ असू शकतो, आणि ट्रॉलीचा हूक तसा निघाला तर माणूस मरतो.

सेफ्टीवर जरा थांबूया, कारण इथे आपल्याकडे फुशारकी फार चालते. "मी तर काळा चष्मा लावूनच करतो" असं सांगणारे कारागीर तुम्हाला भेटतील. आर्कमधून अतिनील किरण निघतात, ते डोळ्याच्या बुबुळावरचा पडदा भाजतात. त्या वेळी काहीच कळत नाही. रात्री डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. मग बटाट्याचे काप, दूध असले उपाय. ते करू नका, डॉक्टरकडे जा. १० किंवा ११ नंबरची काच असलेलं हेल्मेट वापरा, ऑटो डार्क घेतलं तर उत्तम. मदतीला धरलेल्या पोरालाही द्या, कारण जॉब धरून उभा राहणारा तोच असतो. कपडे सुती पाहिजेत. कापसाच्या मुलखात राहून टेरिकॉट घालून वेल्डिंग करायची काय गरज आहे? नायलॉन, पॉलिस्टर ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं.

जीआय पाइपला वेल्डिंग करताना पांढरा धूर निघतो, तो जस्ताचा. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जोडाच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा, उघड्यावर बसा, वारा पाठीमागून किंवा बाजूनं घ्या. डिझेलची टाकी, फवारणीच्या औषधाचा ड्रम, बंद पिंप यांना रॉड लावायचा नाही. रिकामं दिसलं तरी आत वाफ असते आणि स्फोट होतो. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी नाही म्हणा. वावरात किंवा गोठ्यात जाऊन काम करायचं असेल तर कुटार, कडबा, कापसाची गंजी किती लांब आहे ते आधी बघा. ठिणगी ३०-३५ फूट जाते. काम झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, जवळ पाण्याची बादली ठेवा. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढून ठेवा आणि अर्थ क्लँप जोडाच्या अगदी जवळ लावा.

आता तो भाग, ज्यावर तुमचं दुकान टिकेल की बंद पडेल हे ठरतं. तो म्हणजे कोटेशन.

समजा १० फूट बाय ५ फुटाचं दोन पाल्यांचं गेट आहे. चौकटीला आणि मधल्या आडव्याला ४० बाय ४० चा २ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, एकूण ५० फूट, वजन साधारण ३६ किलो. खालच्या अर्ध्या भागात १.२ मिलिमीटरचा पत्रा, २५ चौरस फूट, २२ किलो. वरच्या भागात १२ मिलिमीटरचे २८ चौकोनी बार, २४ किलो. बिजागऱ्या, कडी, पट्ट्या धरून ६ किलो. झाले ८८ किलो. लोखंडाचा दर आपण उदाहरणासाठी ७० रुपये धरू, तुम्ही त्या दिवशीचा दर विचारून घाला. माल ६,१६० रुपये. रॉड, कटिंग व्हील, ग्राइंडिंग व्हील, प्रायमर, रंग ९००. तुम्ही आणि एक हेल्पर, दोन दिवस: तुमची रोजी ९००, त्याची ५००, एकूण २,८००. वीज, भाडं, मशीनची झीज ५००. वाहतूक आणि फिटिंग ६००. बेरीज १०,९६०.

आता शेजारचा दुकानदार १२० रुपये किलोनं गेट देतो म्हणून तुम्हीही १२० सांगितले. ८८ गुणिले १२० म्हणजे १०,५६०. गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशातून लोखंडाचे ६,१६० दिले की खिशात ४,४०० उरतात आणि वाटतं, कमावले! प्रत्यक्षात तुम्ही ४०० रुपये तोट्यात आहात आणि नफा शून्य. हे गेट तुमच्या रोजीतून बनलं. १५ टक्के नफा धरला तर भाव १२,६०० च्या आसपास, म्हणजे किलोला १४३ रुपये पडायला पाहिजे. आणि पाइप २० फुटांचा मिळतो, म्हणजे ५० फुटांसाठी तीन पाइप घ्यावे लागतात. उरलेले १० फूट पुढच्या कामात वापरले नाहीत तर तोही खर्चच.

मग १४३ कसे मागायचे? गिऱ्हाइकाला वेगळं काहीतरी द्या. आपल्या तालुक्याचा दक्षिण भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या खाऱ्या माती-पाण्यात गेटचा खालचा पाइप आधी कुजतो. तुम्ही खालच्या पाइपाला पाणी निघायला छिद्र ठेवलं, पाइपाची तोंडं पॅक केली, जमिनीपासून चार बोटं उंच बसवलं, प्रायमरचे दोन हात दिले आणि हे सगळं कोटेशनवर लिहून दिलं, तर किलोच्या भावाची तुलना तिथेच थांबते.

दुकान नको, नोकरी पाहिजे असं कोणाला वाटत असेल तर तोही चांगला मार्ग आहे. आपल्याच जिल्ह्यात पारसला महानिर्मितीचे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. बॉयलरच्या नळ्यांवर चाचणी पास झालेलाच वेल्डर लागतो. टिग वेल्डिंग आणि पाइपवरची ६जी चाचणी पास केली की अशा कामांना, रिफायनरीला, आखाती देशांत मागणी असते. दोन-तीन वर्षं तिथे काढून भांडवल जमवून परत येणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

पैशाचं म्हणाल तर मुद्राच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज आहे. पीएमईजीपीमध्ये गावात उद्योग टाकला तर सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याकांना ३५ टक्के अनुदान. तेल्हारा शहर नगरपरिषदेत येतं, तिथे हेच १५ आणि २५ होतं. म्हणून जागा ठरवण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात चालू नियम विचारा. परंपरेनं लोहारकाम करणाऱ्या घरांना पीएम विश्वकर्मामध्ये १५ हजारांची अवजारं आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाख मिळू शकतात. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

राहिली उधारी. "सोयाबीन निघालं का देतो तुम्हाले, भाऊ" हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्याकडे खरंच तेव्हाच पैसा येतो. पण लोखंडाचा दुकानदार तुमच्यासाठी सोयाबीनची वाट बघत नाही. म्हणून गेट, शेड, रेलिंगला मालाचे पूर्ण पैसे आगाऊ, मजुरी फिटिंगच्या दिवशी. वखर-डवऱ्याच्या शे-दोनशेच्या कामाला उधार चालेल, पण वहीत तारीख, काम, रक्कम लिहून समोरच्याची सही घ्या, आणि एकूण उधारी तुमच्या एका महिन्याच्या मजुरीच्या वर गेली की नवीन उधार बंद.