जुनी स्ट्रिंग क्वार्टेट्स ऐकायची आहेत? आधी पाकीट बंद ठेवा

सुरुवातीला संगीतासाठी एक रुपयाही लागत नाही. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो यांच्यासाठी बेथोवन, शूबर्ट, ड्व्होर्झाक यांनी लिहिलेलं संगीत ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या वादकांकडून ऐकायचं असेल, तर ग्रामोफोन नको आणि लाखेच्या तबकड्याही नकोत. वायरचा एक बरा हेडफोन घ्या, दीड-दोन हजारांत मिळतो. आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाचं साल तपासायची सवय लावून घ्या. ती नसेल तर पैसे नक्की वाया जातात.

फुकट कुठे मिळेल? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ थेट ब्राउझरमध्ये वाजतं, खातं उघडावं लागत नाही. तिथे फ्लॉन्झॅली क्वार्टेटची सुरुवातीची मुद्रणं आहेत. ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांचा मोठा साठा आहे, तिथे वादकाचं नाव आणि साल दोन्ही टाकून शोधा. सोबत स्वरलिपी हवी असेल तर ‘आयएमएसएलपी’वरून मोफत उतरवा. सभासद नसाल तर काही सेकंद थांबावं लागतं, एवढंच. यूट्यूबवरही बरंच काही आहे, पण संथ भागाच्या मधोमध जाहिरात वाजते आणि अपलोड करणाऱ्यानं दिलेलं साल अनेकदा चुकीचं असतं.

पैसे भरून ऐकायचं असेल तर स्ट्रीमिंगची वर्गणी सेवेनुसार महिन्याला साधारण शंभर-दोनशे रुपयांपासून सुरू होते. वार्षिक योजना लगेच घेऊ नका. आधी एक महिना घ्या आणि तुम्हाला हवी ती मुद्रणं तिथे आहेत का ते पाहा. आणखी एक गोष्ट त्या महिन्यातच तपासा. बेथोवनच्या ओपस 131 या क्वार्टेटचे सात भाग न थांबता एकात एक मिसळतात. अॅपमध्ये ‘गॅपलेस’ची सोय नसेल किंवा बंद असेल, तर प्रत्येक सांध्यावर संगीत तुटतं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते सुरू करा.

खरा गोंधळ खरेदीत होतो. एकच वादन चार वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली, चार वेगवेगळ्या किमतींना विकलं जातं. उलट एकाच चमूनं तीच रचना अनेकदा वाजवलेली असते. बुडापेस्ट क्वार्टेटचं बेथोवन घ्यायचं म्हटलं तर 1930च्या दशकातली मुद्रणं आहेत, 1950च्या दशकाच्या सुरुवातीचा मोनो संच आहे, आणि त्याच दशकाच्या अखेरीस सुरू झालेला स्टिरिओ संचही आहे. तिन्हींचा बाज वेगळा आहे. नुसतं ‘बुडापेस्ट’ वाचून पैसे भरलेत, तर नको ते हाती येईल. बुश क्वार्टेटचंही तसंच. अडॉल्फ बुश यांच्या चमूनं बेथोवनच्या अखेरच्या क्वार्टेट्सपैकी बहुतेक 1930च्या दशकात लंडनमध्ये एचएमव्हीसाठी मुद्रित केली, पण ओपस 130 मात्र 1941 मध्ये अमेरिकेत, कोलंबिया कंपनीसाठी. म्हणून संच घेण्याआधी आतली यादी वाचा आणि 130 आहे का ते बघा. बेथोवनची सगळी क्वार्टेट्स बुश यांनी मुद्रित केलेलीच नाहीत, तेव्हा ‘संपूर्ण’ या शब्दावर विसंबू नका.

‘रीमास्टर्ड’ या शब्दालाही स्वतःची काही किंमत नाही. तबकडीवरून आवाज कोणी उतरवला, हे विचारा. वॉर्ड मार्स्टन किंवा मार्क ओबर्ट-थॉर्न यांचं नाव दिसलं तर निर्धास्त घ्या. नाव नसेल तर आधी दोन मिनिटं नमुना ऐका. खरखर पूर्ण गेलेली असेल तर सावध व्हा, कारण खरखरीबरोबर व्हायोलिनच्या तारेची धारही कापली जाते आणि चेलो बंद खोलीतून आल्यासारखा वाटतो. थोडी खरखर राहिलेलीच बरी. पाच मिनिटांत कान ती बाजूला सारतो. मूळ मोनो आणि कृत्रिम स्टिरिओ असे दोन पर्याय असतील तर मोनो घ्या. एमपी3 आणि फ्लॅक यांच्यात फ्लॅक निवडा. किंमत थोडी जास्त असते, पण याच ठिकाणी ती द्यावी.

परदेशातून सीडी मागवताय? छापील किंमत विसरा. एक-दोन सीडींना टपालखर्च सीडीइतकाच किंवा जास्त पडतो. वर सीमाशुल्क, आयजीएसटी आणि टपाल किंवा कुरिअरची हाताळणी फी. कुरिअर कंपनी केवायसी मागते, त्यामुळे ओळखपत्राची स्कॅन प्रत आधीच तयार ठेवा, नाहीतर पार्सल अडकतं. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं शुल्क लागतं, बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के, आणि त्यावर जीएसटी. ‘रुपयांत पैसे भरा’ असा पर्याय परदेशी संकेतस्थळावर दिसला तर तो नाकारा. त्यातला विनिमय दर विक्रेत्याच्या सोयीचा असतो. फाइल विकत घेतली तर टपाल आणि सीमाशुल्क दोन्ही वाचतात.

तरीही हातात तबकडीच हवी असेल, तर मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट (शुक्रवारी बहुतेक दुकानं बंद) आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांचे ढीग दिसतील, क्वार्टेट क्वचित. मिळालंच तर सगळ्या तबकड्या मोजा. एका बाजूला जेमतेम साडेचार मिनिटं मावतात, म्हणजे चाळीस मिनिटांच्या रचनेला पाच तबकड्या. एक हरवली असेल तर संचाचा उपयोग नाही. काही संच रेकॉर्ड बदलणाऱ्या यंत्रासाठी केलेले असतात, त्यांत पहिल्या बाजूच्या पाठीमागे दुसरी बाजू नसते. तो दोष नव्हे. लेबलवरचे आकडे जुळवा आणि मगच भाव करा.

एलपीची पिन या तबकड्यांवर कधीही लावू नका. 78 फेऱ्यांची खाच तिच्यापेक्षा कितीतरी रुंद असते. वेगळी पिन (स्टायलस) लागते आणि तिचे वेगळे काही हजार जातात. पेटीसारख्या स्वस्त प्लेअरवर ‘78’चं बटण असतं, पण योग्य पिन असेलच असं नाही. विक्रेत्याला आधी विचारा. तबकडी स्पिरिट किंवा अल्कोहोलनं पुसू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड पुरे. आडवी रचू नका, उभी ठेवा.

ऐकायला कुठून लागायचं? उलट्या क्रमानं जा. आधी 1957 च्या सुमाराची हॉलिवूड क्वार्टेटनं वाजवलेली बेथोवनची अखेरची क्वार्टेट्स. आवाज स्वच्छ आहे. मग बुश, ओपस 131 (1936) आणि 132 (1937), जोडीला शूबर्टचं ‘डेथ अँड द मेडन’, तेही 1936 चं. त्यानंतर 1928 ची कापे क्वार्टेटची मुद्रणं. ल्यूसियाँ कापे त्याच वर्षी वारले, त्यामुळे जे आहे ते तेवढंच. त्याच वर्षी बोहेमियन क्वार्टेटनं ड्व्होर्झाकचं ‘अमेरिकन’ मुद्रित केलं. दुसऱ्या व्हायोलिनवर योसेफ सुक, संगीतकाराचे जावई. सगळ्यात शेवटी 1925 पूर्वीची, मायक्रोफोनशिवाय कर्ण्यासमोर वाजवलेली मुद्रणं. त्यांत चेलो अंधूक ऐकू येतो, म्हणून त्यांनी सुरुवात केलीत तर मन उडेल.

एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं या वादकांत भरपूर आहे. आजच्या क्वार्टेट्सची सवय असलेल्याला ते खटकतं, मींडेवर वाढलेल्या तुमच्या कानाला मात्र अडचण पडायची नाही. कापेकडे हाताचं कंपन फार कमी, सूर सरळ उभा राहतो. तो मुद्दाम ऐका. एका बैठकीत एकच रचना घ्या. आणि दर साडेचार मिनिटांनी किंचित बदलणारा आवाज आला तर फाइल बिघडली असं समजू नका, तिथे तबकडीची बाजू संपलेली आहे. वादकांना तिथे थांबून, तोच ताण धरून पुन्हा सुरू करावं लागे. संकलनाची सोय नव्हती. चूक झाली तर पूर्ण बाजू नव्यानं वाजवायची.

शाळेत, मंडळात किंवा पॉडकास्टमध्ये वाजवायचं असेल तर साल पुन्हा कामी येतं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो, म्हणजे 1960 पर्यंत प्रसिद्ध झालेलं मूळ मुद्रण आता मोकळं आहे. अमेरिकेत मुदत बरीच लांब आहे. यूट्यूबवर चढवलंत तर दावा येऊ शकतो; मूळ तबकडीचा क्रमांक आणि साल नोंदवून ठेवा, हरकत घेताना ते उपयोगी पडतं.