रुळांतून चाललेल्या माणसाचा हिशेब

प्रश्न : माझे वडील रेल्वेत आधी गँगमन होते, मग कीमन झाले. रोज सकाळी हातोडा घेऊन रुळांतून चालत जायचं आणि चालत यायचं, एवढंच आम्ही लहानपणी पाहिलं. आई पहाटे चारला उठून त्यांचा डबा करायची. आता निवृत्त होऊन घरीच असतात. परवा माझ्या मुलानं विचारलं, "आबा, तुम्ही नोकरीत काय केलंत?" तर म्हणाले, "काही नाही रे, चाललो." मी म्हटलं, असं कसं, एवढ्या गाड्या सुखरूप गेल्या की! त्यावर म्हणाले, "मी नसतो तर दुसरा कुणी असता." मला पुढं बोलता येईना. कीमन नेमकं काय करतो? आणि ज्याच्या कामातून काही घडलेलं दिसतच नाही, त्याच्या कामाचा लोकांना किती उपयोग झाला हे मोजता येतं का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : पहिला प्रश्न सोपा आहे, तो आधी घेऊ. दुसऱ्याचं बरंचसं उत्तर त्यातच निघेल.

रेल्वेचा मार्ग गँगांमध्ये वाटून दिलेला असतो. प्रत्येक गँगकडे काही किलोमीटरचा पट्टा. मुकादम आणि त्याची माणसं एकेका जागी खडी भरणं, रूळ सरळ करणं अशी कामं करत असतात. कीमन मात्र एका जागी थांबत नाही. त्यानं रोज आपला सगळा बीट, म्हणजे गँगचा तो पट्टा, पायी तपासायचा, जाताना एका रुळाकडे पाहत आणि येताना दुसऱ्या रुळाकडे पाहत. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पाना, थोडे सुटे भाग, लाल आणि हिरवी झेंडी आणि डबीत पटाखे. पटाखे म्हणजे रुळावर बांधायच्या चपट्या डब्या. गाडीचं चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि इंजिनातल्या माणसाला कळतं, पुढं धोका आहे.

आता थोडी आकडेमोड. मुख्य मार्गावर एका किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर असतात. प्रत्येक स्लीपरवर रूळ पकडून ठेवणाऱ्या चार लोखंडी क्लिपा. म्हणजे किलोमीटरला ६६४० आणि बीट सहा किलोमीटरचा धरला तर जवळजवळ चाळीस हजार. गाड्यांच्या हादऱ्यानं त्या हळूहळू सुटत असतात. कुठली ढिली झाली, कुठली बाहेर आली, कुठली चोरीला गेली, हे चालत्या पावलांनी टिपायचं आणि हातोड्यानं जागच्या जागी ठोकायचं. शिवाय जोडावरच्या फिशप्लेटचे बोल्ट, वेल्डिंगची जागा, पुलाचा कठडा, मोरीत अडकलेला पालापाचोळा आणि रुळाखालून वाहून गेलेली खडी. तुमचे वडील ज्याला 'चाललो' म्हणतात ते हे.

क्लिपांचं एवढं काय, असं वाटेल. तुम्ही भुसावळचे, तिथल्या मे महिन्याची ओळख मी तुम्हाला काय करून द्यायची! सावलीत पंचेचाळीस अंश असतात तेव्हा उन्हातल्या रुळाचं तापमान साठच्या वर गेलेलं असतं. पोलाद तापलं की लांबतं. किलोमीटरभर रूळ मोकळा सोडला आणि तो चाळीस अंशांनी तापला तर सुमारे ४६ सेंटीमीटर वाढेल. पण हल्ली मैलोगणती रूळ जोडून अखंड केलेले असतात, त्यांना वाढायला जागाच नसते. ते सगळं बळ क्लिपांनी, स्लीपरांनी आणि खडीनं दाबून धरलेलं असतं. ही पकड एखाद्या ठिकाणी कमी पडली की रूळ बाजूला सापासारखा वळतो. थंडीत उलटं होतं. रूळ आखडू पाहतो आणि वेल्डिंगमध्ये आधीच बारीक दोष असेल तर पहाटेच्या गारठ्यात तडकतो. म्हणून रेल्वेत उन्हाळ्याची गस्त वेगळी, थंडीची वेगळी आणि पावसाळ्यातली रात्रीची वेगळी.

आणि तडकलेला रूळ सापडलाच तर? तिथं लाल झेंडी रोवायची आणि गाडी ज्या बाजूनं येणार त्या बाजूला पळायचं. सहाशे मीटरवर एक पटाखा बांधायचा. तसंच पुढं पळत बाराशे मीटरवर दहा-दहा मीटर अंतरानं तीन. एकेरी मार्ग असेल तर दुसऱ्या बाजूलाही हेच. खडीतून सव्वा किलोमीटर धावून बघा एकदा, तेही गाडी किती वाजता येते हे पाठ असताना. आपल्याला गाडी मधेच का थांबली म्हणून चिडायची सवय. अर्ध्या तासानं निघालेली गाडी नेमकी कशामुळे थांबली होती, हे डब्यातल्या कुणाला सांगितलं जात नाही आणि कुणी विचारतही नाही.

यात एक गोष्ट तुमच्या वडिलांनी घरी बहुधा सांगितली नसेल. हे काम धोक्याचं आहे. समोरच्या गाडीसाठी बाजूला व्हावं तर शेजारच्या मार्गावर मागून दुसरी येते. धुक्यात, पावसात, वळणावर आवाज चकवतो. रुळांवर काम करताना गाडीखाली येऊन माणसं दगावतात. दोन कॉलमांची बातमी त्यांची होत नाही.

आता दुसरा प्रश्न. एका गाडीत हजार माणसं, दिवसाला चाळीस गाड्या, तीस वर्षं, असा गुणाकार करायचा मोह होईल. कृपा करून तो आबांपुढं ठेवू नका. ते हसतील आणि त्यांचं बरोबर असेल. ते ज्या दिवशी चालले, त्यांतल्या बहुतेक दिवशी ते चालले नसते तरी काहीही बिघडलं नसतं. दहा क्लिपा एक दिवस उशिरा ठोकल्या म्हणून गाडी घसरत नाही. अडचण एवढीच की, ज्या मोजक्या दिवशी खरंच बिघडलं असतं ते दिवस कोणते, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. मग रोज चालण्यावाचून इलाज राहत नाही. त्यामुळे उपयोग त्या चार-दोन दिवसांच्या नावावर टाकता येत नाही. तो सगळ्या दिवसांचा असतो, अगदी ज्या दिवशी काहीच सापडलं नाही त्या दिवसांचाही.

कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळली आणि पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ला मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर आलेल्या दगडांमुळे घसरली. त्यानंतर पावसाळी वेळापत्रक, कमी वेग, धोक्याच्या कटिंगांपाशी चोवीस तास पहारा आणि रात्रीची गस्त यांवर भर दिला गेला. त्या दोन तारखा कागदावर आहेत, मीही त्या झटकन लिहून टाकल्या. पण नंतरच्या पावसाळ्यांत ज्या रात्री कुणीतरी कंदील हलवून गाडी थांबवली, डोंगरातून आलेला दगड बाजूला सारला आणि गाडी सोडली, त्या रात्रींच्या तारखा मला माहीत नाहीत. तुम्हालाही नाहीत. अपघाताची चौकशी होते, अहवाल निघतो. न झालेल्या अपघाताचा कागद फार तर मुकादमाच्या डायरीत एका ओळीत संपतो. मोजणं अवघड आहे ते एवढ्याचसाठी. मोजण्याजोगं काही नव्हतं, असा त्याचा अर्थ काढू नका.

मग 'मी नसतो तर दुसरा कुणी असता' याचं काय? हे वाक्य मला सगळ्यात विचार करायला लावणारं वाटलं, कारण ते खोटं नाही. कीमन रजेवर गेला तर त्याचा बीट मोकळा ठेवत नाहीत, गँगमधल्या जाणत्या माणसाला पाठवतात. पण याकडे दुसऱ्या बाजूनं पाहा. रेल्वेत कितीतरी कामं उद्यावर ढकलता येतात, फायली तर महिनोन्महिने पडून राहतात. ज्याच्या गैरहजेरीत दुसरा माणूस त्याच दिवशी पाठवावा लागतो, ते काम बिनमहत्त्वाचं कसं? जागा भरता येते, म्हणून ती भरणाऱ्याची किंमत शून्य होत नाही. तसं म्हटलं तर कलेक्टरची जागाही भरता येते, आणि कलेक्टर निवृत्त होताना 'मी नसतो तर दुसरा असता' असं म्हणत नाहीत.

आणि तो 'दुसरा' अगदी तसाच असता, हेही आबांनी गृहीत धरलंय. वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यातून चालणाऱ्याला ठाऊक असतं की अमक्या खांबापाशी पाऊस झाला की खडीतून चिखल वर येतो, तमक्या वळणावर बाहेरच्या रुळाच्या क्लिपा लवकर सुटतात, मोरीच्या तोंडाशी गावातली गुरं उतरतात. हे नियमांच्या पुस्तकात नसतं. आता रूळ तपासायला अल्ट्रासॉनिक यंत्रं आहेत, कीमनच्या हातात जीपीएसही आलंय. तो चालला की नाही हे त्या यंत्राला कळतं. चालताना त्याचं लक्ष कुठं होतं ते कळत नाही. दोन माणसं तोच बीट सारख्याच वेळात चालून येतात, पण एकाला ती क्लिप दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही. आबा या दोघांतले कोणते होते, ते त्यांच्या मुकादमाला नक्की माहीत असणार.

हे सगळं फक्त रेल्वेचं नाही, हे तुम्हीही जाणता. गावात पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवणारा, रात्री पावसात खांबावर चढणारा वायरमन, कालव्यावरचा पाटकरी, सगळ्यांची गत तीच. नळ आला नाही तरच त्यांचं नाव निघतं.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तिथं अडखळलो. आई पहाटे चारला उठून डबा करायची. आबांनी रजा घेतली की बदली माणूस यायचा. आईला ताप असला तर तिच्या जागी कोण यायचं? आबांच्या कामाला निदान नाव आहे, बीट आहे, पगार होता, आता पेन्शन आहे. चारच्या स्टोव्हला यातलं काहीच नव्हतं. तुम्ही वडिलांच्या आयुष्याचा हिशेब मांडायला बसलात आणि त्या हिशेबातला एक मोठा आकडा समासात लिहिलात. रागावू नका, बहुतेक घरांत तो समासातच असतो.

राहता राहिलं, आबांना हे पटवायचं कसं. माझं मत विचाराल तर पटवायला जाऊ नका. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ मिळालं असेल, भाषणं झाली असतील. निष्ठावान, कष्टाळू, मनमिळाऊ. हे तीन शब्द मी इतक्या निरोप समारंभांत ऐकलेत की आता उत्सवमूर्ती बदलून पाहिली तरी भाषण चालून जातं. जे कुणालाही चिकटवता येतं ते कुणालाच लागत नाही. 'तुमच्यामुळे हजारो लोक वाचले' हेही त्याच जातीचं वाक्य आहे, फक्त मोठं. ज्या माणसानं आयुष्यभर एकेक क्लिप वेगळी पाहिली, त्याला असलं घाऊक कौतुक कसं पचणार?

त्यापेक्षा नातवाला प्रश्न बदलायला सांगा. 'काय केलंत' असं विचारलं की माणूस पराक्रम आठवायला लागतो आणि न सापडल्यावर 'काही नाही' म्हणतो. त्यानं विचारावं : तुमचा बीट कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत होता? त्यात सगळ्यात वाईट जागा कोणती? कधी पटाखा बांधावा लागला का? गाडी येताना कळायचं कसं? डबा कुठल्या झाडाखाली खायचात? या प्रश्नांना 'काही नाही' असं उत्तर देताच येत नाही. आणि बोलायला लागले की मधे बोलू नका, शेजारी आई असेल तर तिलाही बसवा. तिच्याकडे त्यांना आठवत नसलेल्या तारखा असतील.

जे सांगतील ते मुलाला वहीत लिहून घेऊ द्या आणि जमलं तर बीटचा एक साधा नकाशा आबांकडून काढून घ्या, मोऱ्या आणि वळणांसकट. तो आणि सोबत चार ओळी आमच्याकडे पाठवा. याच सदरात छापू. आबांबरोबर आईंचंही नाव लिहायला विसरू नका.